भुंगेऱ्यांची पिल्लं

संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या सोजराबाईनं डालड्याचा डबा अब्दुल गनीपुढे धरला. रॉकेलच्या पाण्यावर पांढऱ्या किड्यांचा थर तरंगत होता.

"पंधरा दिवस येचून राह्यली, गनीभाऊ. तुमचे भुंगे लहान, त्यायले हे मोठे कसे खावतीन? म्हणून मोठे म्या काढले, बारीक त्यायच्यासाठी ठेवले."

गनीनं डब्यात वाकून पाहिलं. ते मोठे म्हणजे त्याच्याच भुंगेऱ्यांची पिल्लं होती. संत्र्याचा रस पिणारा पिठ्या ढेकूण पांढरा, आणि त्याला खाणाऱ्या भुंगेऱ्याची पिल्लंही तशीच पांढरी. फक्त अंगानं थोराड. सरकारी रोपवाटिकेच्या अंधाऱ्या खोलीत लाल भोपळ्यांवर ढेकूण वाढवून त्यांवर भुंगेरे पोसण्यात गनीची सहा वर्षं गेली होती. ही बाग सुधारली नाही तर खोली बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. भुंगेरे सोडले त्या दिवशी त्यानं बागेचे मालक नारायणरावांना ही पिल्लं कशी ओळखायची ते चहा पिता पिता समजावलं होतं. सोजराबाई चार हातांवर आळं करत होती. तिला हाक मारावी असं दोघांनाही वाटलं नाही.

नारायणराव आले. फांद्या ढेकणांनी तशाच लदबदलेल्या पाहून त्यांनी विचारलं, "काय बे गनी, कुठं हायेत तुझे भुंगे?"

गनीला खोली वाचवायची होती. त्यानं डब्याकडे बोट दाखवलं. बाईनं मारले, म्हणाला.

चहा पिताना ऐकलेलं नारायणरावांना आठवत असणारच, पण मालकाची चूक कोण काढणार? ही कलमं लावली तेव्हा घागरीनं पाणी घालणाऱ्या सोजराबाईला त्यांनी उभ्या उभ्या हाकललं. उद्यापासून बांधावर पाय ठेवू नको, म्हणाले. मग फवारणीचा पंप मागवला. दुपारपर्यंत उरलेसुरले भुंगेरेही झाडांखाली उताणे पडले. गनीनं बोट दाखवलं, तरी ना भुंगेरे वाचले, ना खोली वाचणार होती.

संध्याकाळी तो अमडापूरच्या फाट्यावर एसटीसाठी थांबला. त्या दिवसाचं काम संपवून घरी पायी निघालेली सोजराबाई तिथंच दगडावर टेकली होती. डबा घासून तिनं पदरात बांधला होता. ती भांडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरंच झालं असतं.

"मले एक पिल्लू दाखवलं असतं ना, भाऊ," ती म्हणाली, "तर एकबी मेलं नसतं."

एसटी आली. गनी चढला. खिडकीतून पाहिलं तर ती आपली रॉकेल मुरलेली बोटं नाकाशी नेऊन हुंगत होती आणि पुन्हा पुन्हा मातीत घासत होती.