मागाच्या खोलीतली गोल्फची मॅट

मी गोल्फची मॅट बोलतेय. अड्याळसारख्या गावात गोल्फची मॅट काय करते, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू द्या. मलाही इथे आल्यावर हाच प्रश्न पडला होता. आणि मला पडलेला प्रश्न सहसा सुटत नाही, तो एका माणसावरून उठतो आणि दुसऱ्यावर जाऊन बसतो. संशयी स्वभाव आहे माझा, आधीच सांगून ठेवते.

माझी अंगकाठी साधी. खाली जाड काळं रबर, वर हिरवं प्लास्टिकचं गवत. माझ्या एका अर्ध्या भागावर माणूस उभा राहतो, दुसऱ्या भागावर चेंडू ठेवतो आणि काठीने हाणतो. चेंडू समोरच्या जाळीत अडकतो. पण बाजूला जमिनीवर बसलेला सेन्सर त्याचा वेग, उंची, दिशा टिपतो आणि जाळी नसती तर चेंडू कुठे पडला असता, ते भिंतीवरच्या टीव्हीवर दाखवतो. म्हणजे घरबसल्या मैदान. याला सिम्युलेटर म्हणतात.

माझी सुरुवातीची वर्षं पुण्यात एका मॉलमध्ये गेली. तिथे लोक हौसेने यायचे, फटका मारायचे आणि चेंडू भलतीकडे गेला की सगळ्यात आधी मान खाली घालून माझ्याकडे बघायचे. "मॅट सरकली वाटतं." नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. चांगला फटका बसला तेव्हा मात्र कुणी खाली बघितल्याचं मला आठवत नाही. असं रोज झालं की कुणाचाही स्वभाव बिघडतो.

तिथे माझी देखभाल अनुप करायचा. अड्याळचा मुलगा, कामाला पक्का. मॅट सरकता कामा नये, कलता कामा नये आणि चेंडू नि सेन्सर एका पातळीत हवेत, नाहीतर टीव्हीवरचा आकडा खोटा, हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. त्याची धाकटी बहीण रेणू कॉलेजसाठी पुण्यात होती. सकाळी गिऱ्हाईक नसताना तो तिला खेळायला द्यायचा. आधी मला तिचाही संशय होता. पण ती पोर फटका चुकला की माझ्याकडे नाही, स्वतःच्या मनगटाकडे बघायची. मला ती आवडायला लागली, आणि कुणी आवडायला लागलं की माझी काळजी वाढते.

पुढे तो हॉल बंद झाला. अनुपने मला, सेन्सरला आणि जाळीला मागून घेतलं आणि आम्ही सगळे अड्याळला आलो. रेणूने आता गोल्फ सोडायचा नाही असं ठरवलं होतं. नागपूरला एका अकादमीत वर्षभर राहून खऱ्या गवतावर शिकण्यासाठी मुलींची एकच जागा होती आणि तिची निवड-चाचणी दिवाळीनंतर होणार होती. त्या एका जागेसाठी ही सगळी उठाठेव.

घर विणकरांचं. अनुपचे वडील सेवकराम यांनी उभी हयात हातमागावर घालवली. मागावर बसायचं म्हणजे जमिनीत खड्डा असतो, त्यात पाय सोडून खालच्या पावड्या दाबायच्या. विणकाम बंद पडून काही वर्षं झाली होती, पण माग त्या खोलीत तसाच उभा होता. घरात तेवढीच एक उंच छताची खोली. काठी फिरवायला दुसरीकडे जागाच नव्हती.

अनुपने भीत भीत विचारलं. सेवकराम लगेच हो म्हणाले. माग सोडवून माळ्यावर ठेवला, खड्डा मी एकटाच बुजवतो म्हणाले आणि अनुप जाळी लावायला लोखंडी पाइप आणायला पवनीला गेला होता, तेवढ्यात वर फरशी बसवून मोकळेही झाले. इतक्या लवकर हो म्हणणारा माणूस मला खटकतो. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला त्याच दिवशी वाटलं.

सुरुवातीला सगळं छान होतं. मी सरकू नये म्हणून अनुपने माझ्याखाली रबराचं जाळीदार अस्तर अंथरलं, चारही कोपऱ्यांना फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. रेणूचे चेंडू सरळ जात होते. दुर्गाबाई, म्हणजे तिची आई, दारात उभी राहून बघायची आणि हे सगळं जाळीत मारायला पुण्याला कशाला जावं लागलं, असं विचारायची.

मग पावसाळ्यात चेंडू उजवीकडे जायला लागले. थोडेसेच, पण रोज. रेणूने मनगट जरा वळवून ते सरळ आणले. आठवडा बरा गेला आणि एके दिवशी तेच चेंडू डावीकडे. तिने मनगट पुन्हा सैल केलं. चार दिवसांनी परत उजवीकडे.

घरात संशयाला तोटा राहिला नाही. अनुपला वाटलं, आई पोछा मारताना मॅट सरकवते. दुर्गाबाईला वाटलं, जुनं मशीन आहे, डोकं फिरलं असेल. दुपारी गप्पा मारायला येणाऱ्या शेजारच्या पार्वताबाईंची नजर लागली, असंही तिला वाटलं. तिने मीठ-मोहऱ्या घेऊन रेणूची दृष्ट काढली आणि मग जरा विचार करून माझीही काढली. माझ्या आयुष्यात माझी काळजी म्हणून कुणी काही केलं असेल तर ते हेच. तरीही एक मोहरी माझ्या गवतात अडकली, ती मुद्दाम टाकली असेल का, हा विचार माझ्या मनात आलाच.

अनुपने सगळं तपासलं. मी खुणांच्या आत होते, केसभरही सरकले नव्हते. सेन्सर जागच्या जागी. फरशी वडिलांनी स्वतः बसवलेली, म्हणून मला उचलून खाली त्याने बघितलं नाही. मलाच माझं अंग जड वाटत होतं. चेंडूच्या बाजूला फटका बसला की आवाज पूर्वीसारखा ठणठणीत यायचा नाही, पोकळ यायचा. म्हातारपण आलं असेल, असं मी समजले.

आणि मग मी त्यांना पकडलं. सेवकरामांना.

दुपारी घर झोपलं की ते हळूच यायचे. दार लोटून घ्यायचे. चेंडूच्या बाजूला टाचेने दाबून बघायचे, माझा कोपरा उचलायचे आणि खाली गोणपाटाची घडी सरकवून मला पुन्हा अगदी खुणांवर आणून ठेवायचे. घडी नवी असली की चेंडू एकीकडे, दबली की दुसरीकडे. चोर घरातलाच निघाला! मला वाटलं, या माणसाला पोरीने जायला नको आहे. तोंडावर हो म्हणायचं आणि पाठीमागून पोरीच्या पायाखालची जमीन हलवायची. मला इतका राग आला की जीभ असती तर मी गाव गोळा केला असता.

रेणूचं मात्र मला बघवत नव्हतं. तिला कुणाचाच संशय येत नव्हता, फक्त स्वतःच्या हातांचा. पुण्यात एका झोकात फिरणारी तिची काठी आता मध्येच अडखळायची. जेवताना ताटावर बसूनही ती मनगट वळवून बघायची, असं दुर्गाबाई पार्वताबाईंना सांगत होती.

चाचणी आठवड्यावर आली तेव्हा तिने काठ्या पिशवीत भरल्या आणि अनुपला म्हणाली, "दादा, माह्या हातालेच काहीतरी झालं आहे. मी नाही जात नागपूरले."

अनुप समजूत घालत होता. सेवकराम दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि खोलीत आले. माझा कोपरा धरला आणि सगळ्यांसमोर मला उलटं केलं. खालच्या गोणपाटाच्या घड्या उघड्या पडल्या.

"तुह्या हाताले काही नाही झालं," ते म्हणाले. "खोट जमिनीत आहे. म्या खड्डा बुजवलाच नाही."

त्यांनी फरशी काढली. खाली फळ्या होत्या आणि फळ्यांखाली धानाच्या भुशाची पोती. पावसाळ्यात पोती ओलावली, उधळीने, म्हणजे वाळवीने, खाल्ली, भुसा दबला आणि फळ्या एका बाजूने खचल्या. चेंडू पायांपेक्षा खाली गेला, आणि असा चेंडू उजवीकडे पळतो. त्यांना ते कळलं होतं. म्हणून ते गोणपाट लावून मला पातळीत आणायला बघत होते. म्हणजे या वेळी अंगण खरंच वाकडं होतं, आणि जो माझ्या मते ते वाकडं करत होता, तो ते सरळ करायला धडपडत होता. चुकीच्या पद्धतीने आणि लपून, पण सरळ करायला.

"काहून, बाबा?" रेणूने विचारलं.

"एकदा बुजवला का बुजला," सेवकराम म्हणाले. "मंग मागासाठी परत कोण खोदते?"

अनुप चिडून खोलीबाहेर निघून गेला. मला त्या म्हाताऱ्याची फार दया आली आणि रेणूची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी मुरूम आला. सेवकरामांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः खड्ड्यात उतरून पोती बाहेर काढली, मुरमाचे थर टाकले, पाणी मारलं आणि धुम्मसाने ठोकून ठोकून जमीन घट्ट केली. वर फरशी बसवून परातीत पाणी घेऊन ठेवलं आणि कडेकडेने पातळी बघितली. मला अंथरलं तेव्हा या घरात पहिल्यांदा माझ्याखाली खरी जमीन होती. मी तरी दोन दिवस अंग आखडूनच होते. दुधाने पोळलेली मी, ताक फुंकणारच.

रेणूने फटका मारला. चेंडू डावीकडे गेला. पुन्हा मारला, पुन्हा डावीकडे. आता मी खरी होते, सेन्सर खरा होता, पण खोट्या जमिनीवर तिच्या मनगटाला वळण लागलं होतं. म्हणजे हात बिघडला होताच. ती टीव्हीवरच्या आकड्याकडे बघत राहिली. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हेच तिला कळत नव्हतं. हे मला चांगलं समजतं.

तिने सेन्सर बंद केला. मला वाटलं, संपलं. पण तिने वडिलांना हाक मारली आणि जाळीच्या बाजूला उभं केलं.

"तुम्ही पाहा," ती म्हणाली. "चेंडू कुठं गेला ते सांगा. मले बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

फटका बसला. माझ्या अंगावरून काठी गेली की चेंडू कुठे जाणार, हे मला कळतं. मी सेवकरामांचं तोंड बघत होते.

"डावीकडं," ते म्हणाले.

खरं होतं. पुढचाही. पुढचाही. सकाळ-संध्याकाळ ते तिथे उभे राहत आणि डावीकडं, डावीकडं, जरा कमी, डावीकडं, असं सांगत. आपल्या पोरीला तिचं चुकलेलं दर वेळी सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा, पण शब्द बदलायचा नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मनगट मोकळं सोडलं आणि काठी पूर्वीसारखी एका झोकात फिरवली. सेवकरामांनी जाळीजवळ जाऊन चेंडू अडकला तिथे बोट ठेवलं.

"सरळ," ते म्हणाले.

तिने सेन्सर लावला नाही. टीव्हीकडे बघितलं नाही. मीही त्या माणसाचा शब्द तसाच घेतला, आणि माझ्यासारखीने असं करणं ही लहान गोष्ट नाही.

आज तिची चाचणी आहे. अनुप तिच्यासोबत गेला आहे. दुर्गाबाईने मघाशी विचारलं, नाही झालं तर काय. "नाही झालं तं माह्यामुळं नाही झालं," सेवकराम म्हणाले. "तिच्या हातामुळं नाही. तिले मी सांगीन." तेव्हापासून ते इथेच बसलेत, फोन समोर फरशीवर ठेवून. दोनदा उचलून बघितला, रेंज आहे की नाही म्हणून.

म्हणून तुमच्याकडे एक विनंती आहे. त्या मैदानावर आज तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर रेणूला निरोप द्या, घरी फोन कर म्हणावं. झालं असो की नसो, जे असेल ते सरळ सांग म्हणावं. इथे एक माणूस सकाळपासून जेवलेला नाही.