संध्याकाळी झोपायचं नाही

"अहो, पुन्हा डुललात!"

मी कोपरानं ढोसलं तसे डुलकर दचकून सरळ बसले. तोवर दोन बाटल्या पुढे निघून गेल्या होत्या. मी हात लांबवून उचलल्या. एक धड होती. दुसरीच्या आत काचेची केसासारखी बारीक तार आडवी गेलेली.

"लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली आहे ही. तार पोटात गेली असती म्हणजे?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं.

आमचं काम तसं सोपं. पुढ्यात उजेडाचा पांढरा पडदा असतो, त्याच्यासमोरून रिकाम्या बाटल्यांची रांग सरकत राहते. तडा, बुडबुडा किंवा तार दिसली की बाटली उचलायची आणि पिंपात टाकायची. एकटक बघून भल्याभल्यांचे डोळे जड होतात, म्हणून थोड्या थोड्या वेळानं जागा बदलायची, असा नियमच आहे. पण या गृहस्थांना बसल्या क्षणी पेंग यायची. डुलकर हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्याला ते निमूट ओ द्यायचे.

नेमकं हे सगळं सुपरवायझरनं पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत तो आला आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "काका, आता शेवटचं सांगतो. परत असं झालं तर मागच्या गोदामात पाठवीन. तिथं झोप लागली तरी कुणाचं काही बिघडत नाही."

मागच्या गोदामात खोक्यांशिवाय चिटपाखरू नसतं. सुपरवायझरची पाठ वळली तसे डुलकर हळूच मला म्हणाले, "तिथं नको हो. इथं निदान तुम्ही ओरडता तरी."

मी हसायला गेले, पण हसू काही फुटलं नाही. त्यांची बायको जाऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न करून परदेशात गेलेली. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो एवढाच, आमच्या पडद्यापाशी. मला फार वाईट वाटलं.

आता माझा स्वभाव असा, की दुसऱ्याचं दुखणं दिसलं की मला गप्प बसवत नाही. कारखान्यात मला डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. मी त्यांना समोर बसवून उलटतपासणी सुरू केली.

"सकाळी काय खाता?"

"चहा."

"आणि दुपारी?"

"चहा-बिस्किटं."

"पाणी?"

"चहात असतंच की."

मी कपाळाला हात लावला. "घरी गेल्यावर काय करता?"

"आडवा होतो. दिवे लागायच्या आत झोपलेला असतो."

"मग अपरात्री जाग येत असेल."

"येते ना. मग उजाडेपर्यंत टक्क जागा."

"आणि मग दिवसा इथं माझ्या खांद्यावर डोकं! अहो, गोळ्या-बिळ्या काही नकोत तुम्हाला. उद्यापासून बसनं यायचं नाही, कोवळ्या उन्हात चालत यायचं. न्याहारी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि काही झालं तरी संध्याकाळी झोपायचं नाही."

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. मग म्हणाले, "बाकी सगळं करतो. तेवढं एक सोडून."

"तेवढंच तर करायचंय! सगळी मेख तिथंच आहे."

"बरं," ते म्हणाले.

आणि हो, माणूस शब्दाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन आले, पण चालत आले. दुपारी बिस्किटांऐवजी पिशवीतून उकडलेली अंडी आणि केळं निघालं. मी पाण्याची बाटली पुढ्यात ठेवायची आणि ते कडू काढा घ्यावा तसे प्यायचे. जेवण झालं की आवारात फेऱ्या मारायचे, तेव्हा पॅकिंगच्या पोरी खिडकीतून ओरडायच्या, "काका, शर्यतीत नाव घातलंत की काय?" ते हात हलवून पुढे जायचे. पहिला आठवडा हाल झाले त्यांचे. डोळे लाल, पाय भरून आलेले. पण हळूहळू चेहऱ्यावर तरतरी आली. एकदा तर माझ्या नजरेतून सुटलेला तडा त्यांनी पकडला. सुपरवायझरनं जाता जाता पाठीवर थाप मारली. गोदामाचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि मी जमिनीपासून दोन बोटं वर चालायला लागले.

माझी नणंद डुलकरांच्याच भागात राहते. एका रविवारी ऊन कलल्यावर तिच्याकडे निघाले आणि बसमधून उतरते, तर स्टॉपच्या बाकावर डुलकर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग.

"अय्या! कुठं निघालात एवढे नटून?"

"कुठं नाही."

"मग?"

ते जरा ओशाळले. "तुम्हीच म्हणालात ना, संध्याकाळी झोपायचं नाही."

"हो, पण म्हणून इथं?"

"घरात बसवत नाही हो. आधी बरं होतं. दमून यायचो, पडायचो, संपला दिवस. ती नाही हे कळायलाही वेळ मिळायचा नाही. आता अंगात एवढी ताकद असते. भांडी घासली, खिडक्या पुसल्या, तिच्या साड्यासुद्धा ऊन दाखवून परत ठेवल्या. तरी संध्याकाळ उरतेच. सांगा ना, काय करायचं एवढ्या ताजेपणाचं?"

गावभराला उपाय सांगत फिरणारी मी, नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

तेवढ्यात पिशव्या घेतलेली एक बाई धापा टाकत आली. "काका, बाजाराची गेली का?"

"नाही, नाही. येईलच आता. आज जरा उशीर आहे. बसा." आवाज एकदम खणखणीत. पिशव्या काय, ऊन काय, दोघांचं बोलणं सुरू झालं.

"मी थांबू का थोडा वेळ?" मी विचारलं.

"छे छे! नणंद वाट बघत असेल. जा तुम्ही."

मी निघाले. कोपऱ्यावर पोचते तोवर बस आली, म्हणून वळून पाहिलं. त्यांनी बाईच्या पिशव्या वर चढवून दिल्या. ड्रायव्हर त्यांच्यासाठी दार उघडं ठेवून थांबला होता. त्यांनी हातानंच त्याला जा म्हटलं. बस गेली तसे ते परत बाकावर बसले, आणि शेजारी एक माणूस मावेल एवढे बाजूला सरकले.