छाटलेले शेंडे
मुरारीने भाताचं करपलेलं पान कापलं आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात उभं धरलं. थोड्या वेळाने कापल्या जागेतून पांढरट धागा सुटला आणि तळाशी उतरू लागला.

"दुधावानी दिसतंय," सून म्हणाली.

"जंतू हायत."

ही सून, सारिका, वैशाखात लग्न होऊन कापडे गावात आली. नवरा दीपेश मुंबईला परतला, आणि लावणीत तिचा हात सगळ्या वाडीला माहीत झाला. उंच वाढलेल्या रोपांची मूठ धरून विळ्याच्या एका ओढीत ती शेंडे सारखे छाटायची. ज्याची लावणी, तो तिला बोलवायचा. आता त्याच शेतांतली रोपं मुळं धरता धरताच वाळून पडत होती.

"ह्या बियाण्याला करपा लागत नाय म्हणालेला ना तुमी, आबा?"

"लागत नव्हता. पानाला जंतू कळतो गो. कळला की ते राखण करतं. पण ह्या जंतूनं आता नवी खोड शिकलीय. आत शिरतो नि पानाची अक्कलच फिरवतो. मग पान राखण सोडून त्यालाच खाऊ घालत बसतं."

"शिरतो कुठनं पण?"

"मिळंल त्या भोकातनं. जखमेतनं..."

मुरारी थांबला. त्याने पेला उगाच फिरवला.

"येसाजीकाकांचं शेत मधेच हाय, तरी हिरवंगार," सारिका सावकाश म्हणाली. "त्यांनी शेंडे छाटलेच नायत. आळशी म्हणून सगळे हसलेले."

ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. वाडीत हिच्या नावाने काय काय बोललं जाईल, ते मुरारीला आताच ऐकू येत होतं.

"वाऱ्यानं येतो तो," तो म्हणाला. "वाऱ्याचं काय सांगावं."

बांधावरून वरच्या वाडीतल्या शकूची हाक आली.

"सारिके, येतेस ना गो? रोपं उपटून पडलीत, शेंडे छाटायचे हायत. का सासऱ्यानं शाळा भरवलीय?"

सारिका आत गेली. बऱ्याच वेळाने डोक्यावर इरलं घेऊन बाहेर आली आणि शकूमागे चढण चढू लागली. तिला हाक मारावी म्हणून मुरारी उठला. दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

थोड्या वेळाने शकू एकटीच धापा टाकत आली.

"इळा द्या दादा तिचा. विसरली म्हणते. लगीन होऊन चार महिने नाय झाले, नि म्हातारीगत विसरते."

विळा आढ्याला नव्हता. चुलीपाशी नव्हता. मुरारीने सरपणाच्या मोळ्या ओढल्या, तेव्हा पार मागे, भिंतीला लागून तो सापडला. चुकून कुणाच्या हाती लागणार नाही इतका आत खुपसलेला.

तो वाकलेला तसाच राहिला.

"घावला का?" शकूने दारातून विचारलं.

"घावला."

त्याने पातं धोतराला पुसलं, उलटं करून पुन्हा पुसलं, आणि मूठ तिच्याकडे करून विळा पुढे केला.