एव्हाल्डचा आकडा

"चार," माझा नवरा एव्हाल्ड फोनवर म्हणाला.

टेबलावर सकाळच्या लापशीचा वाडगा तसाच पडला होता. पहिला चमचा तोंडात गेला तेव्हाच त्याच्या गालातून कळ गेली होती. टेबलाची कड त्याने इतकी गच्च धरली की बोटं पांढरी पडली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोंडातून मात्र आवाज नाही. आणि संध्याकाळी हॉस्पिटलचा फोन आला तर हा बाबा सांगतो, चार! दुखणं किती ते आकड्यात सांगायचं: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. त्यातले चार.

"चार? अरे, चार काय चार?" फोन ठेवल्या ठेवल्या मी ओरडले.

"दहा म्हणजे पाय तुटलेल्या माणसाचे," तो म्हणाला. "जाऊ दे ना, मेटा."

डेन्मार्कच्या या पश्चिम युटलंडची माणसं अशीच. मी फ्यून बेटावरची. आमच्याकडे बोटाला टाचणी टोचली तरी शेजारच्या गावाला कळतं. इथे वादळात छप्पर उडालं तर म्हणतात, "जरा वारा होता." लग्नानंतर पहिल्यांदा सासूला जेवायला वाढलं, तर म्हणाली, "खाता येतं." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते कौतुक होतं हे कळायला मला वर्षं गेली! आणि एव्हाल्ड तर लेमविगच्या किनाऱ्यावरचा, जन्म मासेमारीत गेलेला. त्याच्याकडून "दुखतंय" एवढा शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

दुखणं गालाच्या नसेचं. चावलं की कळ, बोललं की कळ, नुसता वारा लागला तरी कळ, आणि आमच्याकडे वारा कधी नसतो? म्हणून शहरातल्या हॉस्पिटलात नव्या गोळीची चाचणी चालली होती, तिथे त्याचं नाव मीच घातलं. सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यांना खरी गोळी. काय सांगू, एव्हाल्डने सफरचंद चावून खाल्लं, कचाकचा! मी बघतच राहिले. मग चाचणीचा दुसरा भाग आला. त्यात निम्म्या लोकांची गोळी गुपचूप बदलतात. दिसायला तीच, आत औषधच नाही. कुणाची बदलली ते नर्सलाही ठाऊक नसतं. दुखणं परतलं आणि आकडा सहाच्या वर गेला, की त्या माणसाला तिथून काढून लगेच खरी गोळी देतात. हे सगळं आम्हा दोघांना नीट समजावून सांगितलं होतं. फक्त आकडा ज्याचा त्याने सांगायचा, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही.

एव्हाल्डचं दुखणं तर परतलं होतं. त्याने फक्त सात म्हणायचं होतं. नुसतं सात!

शनिवारी त्याने मला तळघरात बोलावलं. "बॉयलर बंद पडला तर हे बटण दाबायचं. मग हा खटका वर."

"मला कशाला सांगतोस? तू आहेस की."

"माहीत असलेलं बरं," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.

नंतर त्याने जाळ्यांची शेड झाडून रिकामी केली. मासे कापायच्या चांगल्या सुऱ्यांना धार लावली आणि त्या शेजारच्या योर्नला देऊन टाकल्या. मग मला गाडीमागचा ट्रेलर उलटा घ्यायला शिकवलं. ज्या ट्रेलरला आयुष्यभर मला हात लावू दिला नाही, तो! "छान जमतंय," तो म्हणाला. छान! हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी गाडी तिथेच थांबवली.

त्याच्या आईच्या चुलतभावाला हेच दुखणं होतं. त्याच्याबद्दल या घरात कुणी बोलत नाही. एवढंच माहीत आहे, की होडी तेवढी परत आली.

मग मी त्याच्या मागे मागे फिरायला लागले. तो न्हाणीघरात गेला की दाराशी उभी. "काय करतोयस?"

"दाढी."

गालाला टॉवेल लागलेला चालत नाही आणि म्हणे दाढी! मी दार ढकलून आत गेले. तो टबाच्या काठावर हातात काही न घेता नुसता बसला होता. मीही त्याच्याशेजारी टेकले.

मी नर्सला फोन लावला. एरवी माझी जीभ थांबत नाही, त्या दिवशी ती उचलेना. "तो नीट जेवत नाही," एवढंच निघालं. बाकीचं बोलले तर खरं होईल, असं वाटत होतं. तिने दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

नर्सचं नाव सिसेल, आमच्या मुलीच्या वयाची. मी नेहमीप्रमाणे त्याच्याशेजारच्या खुर्चीत बसले. दर खेपेला मी तिथेच बसायचे, तो खरं सांगतोय की नाही यावर लक्ष ठेवायला.

"एव्हाल्ड, आज आकडा किती?"

"चार." तो थांबला. "बरं, पाच लिहा."

"त्याने मला बॉयलर शिकवला!" मी किंचाळले. नियम गेला खड्ड्यात. "ट्रेलर शिकवला, सुऱ्या देऊन टाकल्या!"

सिसेलने पेन खाली ठेवलं. ती हसली नाही. "एव्हाल्ड, जीव द्यावा असं मनात येतं का?"

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मेटा, तुम्ही बाहेर बसा," सिसेल म्हणाली.

"मी? मी याला एक क्षण सोडणार नाही!"

"मी आहे ना इथे. बाहेर बसा."

मी बाहेरच्या बाकावर, दाराला लागून बसले. मग आतून त्याचा आवाज आला.

"तिच्यासमोर कसं सांगू? ती आधीच घाबरलेली असते." आणि जरा वेळाने, "दहा. दिवसभर दहा. आता नाही होत."

मग तो रडला. इतक्या वर्षांत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दर खेपेला त्या खुर्चीत मीच बसले होते. मीच!

सिसेल बाहेर आली. खरी गोळी आजपासूनच सुरू, तिने सांगितलं. डॉक्टर त्याच्याशी बोलायला येताहेत, आणि आज त्याला घरी सोडणार नाहीत.

तिच्या मागून एव्हाल्ड आला. डोळे लाल, कोट हातात.

"काही ऐकू आलं का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "दार जाड आहे."

"बरं झालं," तो म्हणाला आणि माझ्याशेजारी बसला.