पळसदेवचा चौथा निरोप

रविवार, दिनांक ११ मे २०२५, सकाळचे दहा. मौजे पळसदेव, तालुका इंदापूर, उजनीच्या पाणफुगवट्याचा काठ. पाणी ओसरून जुन्या देवळाचे शिखर उघडे पडले होते आणि त्याच्या समोरच्या उंचवट्यावर सर्जेराव आबांनी बांबूला अँटेना बांधून आपले वायरलेस केंद्र थाटले होते. महापूर आला, फोन बंद पडले, तर निरोप कसे पोचवायचे, याची ती हौशी रेडिओवाल्यांची तालीम. मुख्य केंद्र बारामतीत होते आणि तिथे आबांचीच शिष्या प्राची बसली होती. उंचवट्यावर फोनला रेंज नव्हती. जागा मुद्दाम तशीच निवडली होती.

आबा निवृत्त शिक्षक, नियमाचे पक्के आणि वादात कुणाला न ऐकणारे. गेल्या साली तालमीतला एक निरोप कुणीतरी खरा मानला आणि नाहक धावाधाव झाली. तेव्हा आबांनी बैठकीत भांडून नियम करून घेतला : तालमीच्या प्रत्येक निरोपाच्या आधी आणि शेवटी ‘सराव, सराव’ म्हणायचे, प्रसंग खरा असेल, तर ‘सराव नाही’ असे तीनदा. निरोप आधीच कागदावर लिहून दोन्ही टोकांना दिलेले असत.

अँटेना उभी करायला म्हस्कू आला होता. वय साठीचे, पोट मासेमारीवर; झोपडी हाकेच्या अंतरावर. त्याची बायको बनाबाई चहा घेऊन आली, तेव्हा तो आबांची फिरकी घेत होता.

“सकाळधरनं सराव सराव म्हणताय, आबा. लगीन कवा हाय?”

आबाही हसले. तीन निरोप बिनचूक गेले होते.

साडेअकराच्या सुमारास म्हस्कू बोलता बोलता खाली बसला. छातीवर मूठ, अंगाला दरदरून घाम. आबांनी क्षण दवडला नाही. माइक उचलला आणि ठिकाण, वय, लक्षणे सांगून रुग्णवाहिका मागितली. दीड तासाच्या सवयीने आधी आणि शेवटी तो शब्दही जिभेवरून गेला. आपण तो उच्चारला हे त्यांना उमगलेसुद्धा नाही.

बारामतीत प्राचीने कागद पाहिला. चौथा निरोप तोच होता : पुरुष, वय साठ, छातीत कळ. तिने कागदाबरहुकूम उत्तर दिले, “रुग्णवाहिका रवाना. वीस मिनिटांत पोचेल. सराव, सराव.” आबांच्या कानांना तो शब्द केव्हाच ऐकू येईनासा झाला होता.

बनाबाई म्हणाली, जीपमध्ये घालू. आबांची जीप बाभळीखाली उभी होती. आबांनी तिला समजावले की रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, कच्च्या वाटेवरचे हिसके जिवावर बेततील आणि वाटेत चुकामूक झाली तर दोन्हीकडून जाऊ. त्यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता.  म्हस्कूचे डोके मांडीवर घेऊन ती पदराने वारा घालत राहिली आणि आबा रस्त्याकडे पाहत राहिले.

एकविसाव्या मिनिटाला त्यांनी गाडी कुठवर आली म्हणून विचारले. पलीकडून प्राची हसली. “आबा, चौथा झाला की. पाचवा द्या.”

म्हस्कूला जीपमध्ये घातले. इंदापूरच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि हात सोडून दिला.

बारामतीच्या बैठकीत सगळ्यांनी प्राचीला धारेवर धरले. आवाजावरून ओळखायला नको? लेखी निरोपात घामाचा उल्लेख तरी होता का? पोर मान खाली घालून रडत होती. आयुष्यभर प्रत्येक बैठकीत उठून बोलणारे आबा त्या दिवशी बसून राहिले. गेलेला प्रत्येक निरोप जसाच्या तसा टिपायची नोंदवही त्यांच्या मांडीवर होती आणि अकरा चौतीसच्या ओळीत त्यांच्याच वळणदार अक्षरात तो शब्द दोनदा लिहिलेला होता.

दहावा झाल्यावर वही घेऊन ते पळसदेवला गेले. बनाबाई दारात जाळे गुंडाळत होती. आबांनी काहीही न लपवता सगळे सांगितले : नियम त्यांचा, चूक त्यांची, प्राचीची नव्हे, ही गोष्ट बैठकीतही आपण बोलायला हवी होती. वही उघडून त्यांनी ती ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हते. तरी तिने पानाकडे बराच वेळ पाहिले.

“शबुद राहू द्या, आबा,” ती म्हणाली. “जीप हितंच हुती. घालून न्यायला पायजे हुतं.”