पाठीवर लिहिलेलं पुणे

मित्रांनो, मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. चोपड्याच्या स्टँडवर कडुनिंबाखाली उभी असते ना, एक दिवा मिचमिचा, तीच मी. माझं वय मात्र विचारू नका. आरटीओचे साहेब विचारतात तेव्हाही मी नुसता धूर सोडते.

मानसिंगनानांनी मला धुळ्याहून आणलं तेव्हा माझा रंग काय झळकत होता! सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. त्यांच्या आईने, चमेलीबाई आजीने, मला कुंकू लावलं, नारळ फोडला. तेव्हापासून बाजारकरी, बाळंतिणी, कोंबड्या, मोहफुलांची पोती, सगळं मी वाहिलं. कागदावर माझ्यात नऊ जण बसतात. कागदाला लिहायला काय जातं! पुढे चकचकीत गाड्या आल्या आणि लोक मला खटारा म्हणू लागले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशातच माझे दिवस पालटले. नानांची मुलगी ममता बी.एस्सी. झाली. पर्यावरणाच्या एम.एस्सी.साठी तिचा नंबर पुण्याच्या विद्यापीठात लागला आणि जळगावच्याही. आमच्या स्टँडवर पुण्याच्या नावाचा दबदबा केवढा! नानांनी पोरीला विचारलंसुद्धा नाही. मला थेट हिलाल पेंटरच्या दारात नेलं आणि माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'ममता पावरा, एम.एस्सी., पुणे'. मागून येणारे ट्रकवालेसुद्धा हॉर्न वाजवून हात करू लागले. मी तर अशी ताठ चालायचे की खड्डेही जाणवत नव्हते.

ममता ते वाचून नुसती हसली. म्हणाली, "बाबा, पुणे आपण बघून आलो. आता जळगावही बघू. परवापर्यंत कुठल्या तरी एका ठिकाणी प्रवेश पक्का करायचाय."

नाना तयार झाले. पण सीट भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम! मग काय, अकरा जण निघाले विद्यापीठ बघायला. आणि बघितलंही कसं, तर पोरीसाठी स्थळ बघतात तसं. आजी मुलींच्या वसतिगृहातली भाकरी मोडून बघून आली. शेजारचे तोतारामनाना नळाचं पाणी पिऊन ओरडले, "पानी गोड शे हो!" रात्री फाटकावर कोण असतं, मुली आजारी पडल्या तर कोण नेतं, सगळी चौकशी झाली. साहेब लोक हसत होते, पण उत्तरं देत होते.

मी झाडाखाली उभी होते. ममता तिथे एका म्हाताऱ्या माळीबुवांशी बोलत होती. ते म्हणाले, "पोरी, मी आलो तेव्हा ही टेकडी बोडकी होती. चर खणले, पाणी अडवलं, मग एकेक झाडाने मूळ धरलं." ममताने खाली वाकून तो चर वितींनी मोजला. मला तिचं मन कळलं, कारण आमच्या गावामागची बोडकी टेकडी मी रोज बघते. आणि कळल्याबरोबर आठवलं. माझ्या पाठीवर तर पुणे लिहिलेलं!

निघायच्या वेळी ती माझ्यामागे आली. तिने 'पुणे'वर हात ठेवला.

"बाबा, हा शब्द पुसला तर चालेल?"

नानांचा चेहरा उतरला. "लोक म्हणतील, पोरीचा पुण्याचा नंबर कटला."

"म्हणू देत ना. पुणे मोठंच आहे, बाबा. पण मला जे शिकायचंय ते इथे डोळ्यांनी दिसतंय. आणि सुट्टीत गावी येऊन मला आपल्या टेकडीवर तसंच करून बघता येईल."

आजी पुढच्या सीटवरून कडाडली, "शिकायचं तिला आहे का स्टँडला?"

परतताना चोपडा आलं तरी नानांनी मला स्टँडवर नेलं नाही, हिलाल पेंटरकडेच नेलं. हिलालने रॉकेलचा बोळा उचलला तसा नानांनी त्याचा हात धरला. "पुसू नको. पुढे लिही."

मित्रांनो, ममता आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने पोरं जमवून टेकडीवर सहा चर खणले. कुदळी, घमेली वर मीच नेली. इंजिन तापलं, पण मी थांबले नाही! अहो, अभिमान वाटतो मला, का वाटू नये?

आता माझं इंजिन थकलंय. माझी एकच विनवणी आहे. उद्या मला भंगारात काढाल तेव्हा बाकी सगळं लोखंड खुशाल न्या, पण पाठीचा तेवढा पत्रा जपून ठेवा. त्यावर हिलालच्या हातचं लिहिलेलं आहे, 'ममता पावरा, एम.एस्सी., पुणे मिळालं होतं, जळगाव निवडलं'.