डाव्या बाजूचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. सध्या माझ्याजवळ काय उरलं आहे ते आधी मोजून सांगते. टेकू द्यायचे स्टँड चार, चाकं शून्य. पाच माणसांच्या जागेत सीट एक. दरवाजे दोन, त्यातला एक फक्त आतून उघडतो. दिवा एकही नाही, कारण आमच्या शर्यती दिवसा होतात आणि दिव्यांनाही वजन असतं. इंजिन एक. ते अजून माझंच आहे.

‘अजून’ म्हणते, कारण मागच्या आठवड्यात एक खरेदीदार येऊन गेला. त्याला मी नको होते, माझं इंजिन तेवढं हवं होतं. बाकीचं भंगारात.

तशी मी साधी घरगुती गाडी होते. भाजीच्या पिशव्या आणि शाळेची दप्तरं वाहिली. मग बाबांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, मला विकत घेतलं आणि मागच्या सीटा, गालिचे, रेडिओ, सगळं उपसून काढलं. तेव्हापासून मी मोकळ्या मैदानावर नारिंगी शंकूंच्या मधून वळणं घेत धावते. आमच्या शर्यतीत शेजारी दुसरी गाडी नसते. एकेकीने धावायचं, आणि भांडण फक्त घड्याळाशी. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड.

लोकांना वाटतं, हंगाम संपला की गाडीला विश्रांती. विश्रांती कसली! धावायचं मिनिटभर आणि उरलेलं वर्ष पोट उघडं टाकून पडायचं. कोणी स्प्रिंगा बदलतं, कोणी चाकांचा कल बदलतं, आणि मग कोणीतरी म्हणतं, “आधीचंच बरं होतं.” पुन्हा सगळं खोल. खरं सांगू? मला धावण्याने थकवा येत नाही, या दुरुस्त्यांनी येतो.

त्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे वजन. माझ्या चार चाकांखाली चार काटे ठेवतात. बाबा चांगले अंगापिंडाने भरलेले, आणि माझं स्टिअरिंग उजवीकडे. ते बसले की मी उजवीकडे झुकायची. म्हणून त्यांनी डाव्या बाजूला, तळाशी, एक जाड लोखंडी पट्टी बसवली. दर वर्षी ते स्वतः सीटवर बसत, हेल्मेटसकट. “हेल्मेटलाही वजन असतं,” असं ते आत्याला बजावत. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती आकडे वाचायची आणि टोमणे मारायची. “दादा, हेल्मेट राहू दे, तू जेवण कमी कर.” डावी-उजवी बाजू समान झाली की बाबा माझ्या टपावर थाप मारत. त्या वर्षांत मी बक्षिसंही आणली. अनोळखी माणसं माझ्याजवळ उभी राहून फोटो काढायची.

मग बाबांचा मणका बिघडला. डॉक्टरांनी शर्यत बंद केली आणि स्टिअरिंग त्यांच्या मुलीच्या हाती आलं. ती त्यांच्या जवळजवळ निम्म्या वजनाची. गेला हंगाम तिचा पहिला, आणि अगदी वाईट गेला. डावीकडे मी छान वळायची, उजवीकडे मात्र घसरत शंकूंवर जायची. बाबा म्हणायचे, “उजवीकडे वळताना तू श्वास रोखतेस.” ती बिचारी मोठ्याने श्वास घेत वळायला लागली. तरी शंकू पडतच राहिले. शेवटी तिलाच वाटू लागलं की हे आपलं काम नव्हे. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

खरेदीदार आला त्या दिवशी बाबांनी तिला सांगितलं, “मैदानात एक गोल आखू. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून फिर. दोन्ही वेळांतला फरक एक दशांश सेकंदाच्या आत आला, तर गाडी तुझी. नाहीतर रविवारी मी त्याला हो म्हणतो.”

लगेच तयारी सुरू झाली. वजनाच्या दिवशी बाबा कण्हत, कमर धरत, हेल्मेट घालून सीटवर बसले. आत्याने आकडे वाचले. अगदी समान. सगळे खूश. मी सोडून.

सरावाला निघण्याआधी, कुठलं टायर किती दबतं ते बघायला, मुलीने माझ्या टायरांच्या कडांवर खडूच्या रेघा ओढल्या. चार फेऱ्या मारून ती खाली उतरली आणि जमिनीवर मांडी घालून बघत राहिली. उजव्या टायरांवरच्या रेघा जवळजवळ शाबूत होत्या, डाव्यांवरच्या पार पुसल्या होत्या; सगळा भार डावीकडे.

“आत्या, वजन करताना सीटवर कोण होतं?”

“कोण म्हणजे? दादा. नेहमीसारखा.”

“आणि चालवतं कोण?”

आत्याने तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! हेल्मेट मोजलं आणि माणूसच चुकला.”

शेडमध्ये परत काटे मांडले. इतक्या वर्षांची सवय, बाबा पुन्हा आत शिरलेच.

“बाबा, उतर ना.”

त्यांचे हात स्टिअरिंगवर होते. ती पट्टी निघाली की मी त्यांना पुन्हा कधी नीट पेलणार नव्हते, हे त्यांनाही कळत होतं.

“उतरतो गं,” ते म्हणाले. “कमरेला वेळ लागतो.”

मुलगी बसली. डावी बाजू केवढी जड निघाली! उजवीकडे वळताना आणखी भार तिकडेच पडायचा, म्हणून मी घसरत होते. पट्टीचे बोल्ट गंजले होते. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून, तेल सोडत, त्यांनी एकेक बोल्ट स्वतः काढला. मग स्प्रिंगाही तिच्या वजनाला जुळवल्या. या खेपेला टपावर थाप पडली नाही.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. माझ्यावर प्रेम करणारे लोक होते, कष्टाळूही होते. एवढंच मागते की, एखादी वस्तू कुणाच्या हाती द्याल, तेव्हा ती त्याच्या मापाची करून द्या. आणि ती चालेना, तर त्या माणसाला दोष देण्याआधी एकदा वाकून खाली बघा.

रविवारी सकाळी मैदान कोरडं होतं. खरेदीदार कुंपणाला टेकून उभा होता, आत्या घड्याळ धरून, बाबा घडीच्या खुर्चीवर. मुलगी दोन्हीकडून एकेकदा फिरली. आत्याने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्याने वाचलं.

उजवीकडून सहा पूर्णांक चौतीस शतांश सेकंद. डावीकडून सहा पूर्णांक एकतीस.